अन्वय लावून झाल्यावर

लेकीची लॅटिनची परीक्षा होऊन दहा दिवस झाले, पण जेवणाच्या टेबलावरचा शब्दांच्या कार्डांचा गठ्ठा मी अजून उचललेला नाही. रबरबँड लावलेला, कोपरे मऊ पडलेला, जवळजवळ वीतभर उंच. सगळ्यात वरच्या कार्डावर लेकीच्या अक्षरात एक लॅटिन क्रियापद आहे, कोन्देरे. मागच्या बाजूला तीन अर्थ: वसवणं, लपवणं, खुपसणं. या एका कार्डावर आम्ही दोघींनी अख्खी रविवारची दुपार घालवली होती. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी परीक्षेबद्दल. इथे अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलांना कॉलेजच्या तोडीचे विषय घेता येतात. त्या विषयांना एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणतात. परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, दर मे महिन्यात, आणि १ ते ५ असे गुण देतं. आमच्या ओळखीतली बहुतेक मुलं कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री घेतात. लेकीनं तेही घेतलं, पण जीव ओतला तो लॅटिनमध्ये. यंदाची, म्हणजे २०१२ ची परीक्षा सबंध व्हर्जिल या रोमन कवीवर होती. ज्यात कॅटलस या कवीबरोबर सिसेरो, होरेस किंवा ओव्हिड यांपैकी एक रोमन लेखक वाचायचा असे, तो दुसरा लॅटिन पेपर २००९ नंतर बंदच झाला. पुढच्या वर्षीपासून व्हर्जिलच्या ओळी कमी होऊन सीझरचं गद्य येणार आहे. म्हणजे व्हर्जिलचं महाकाव्य ‘ईनिड’ आणि फक्त ‘ईनिड’ अशी परीक्षा देणारी तिची शेवटची तुकडी.

मूळ लॅटिनमधून वाचायच्या ओळी सुमारे १८५०. पहिल्या सर्गाच्या ५१९, चौथ्याच्या पाचशेहून जास्त, बाकी दुसरा, सहावा, दहावा आणि बारावा यांतले वेचे. उरलेलं महाकाव्य इंग्रजीतून. सप्टेंबर ते एप्रिल असा हिशेब केला तर आठवड्याला साठेक ओळी पडतात. परीक्षेत शब्दकोश नाही. पाठ्यपुस्तकात दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा असतात, त्याही प्रश्नपत्रिकेत नसतात.

मी बी.ए.ला संस्कृत घेतलं होतं. तिनं सातवीत लॅटिन निवडलं तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं होतं. मराठी ती बोलते, वाचते अडखळत. संस्कृत शिकवायचं राहूनच गेलं. ही भाषा निदान त्या घरातली आहे असं वाटलं. ‘पातेर’, ‘मातेर’, ‘सेप्तेम’, ‘देन्तेस’ हे शब्द तिच्या वहीत पहिल्यांदा पाहिले तेव्हा पितृ, मातृ, सप्त, दन्त माझ्यासमोर उभे राहिले. ‘एस्त’ म्हणजे अस्ति, ‘सुन्त’ म्हणजे सन्ति. लॅटिनमध्ये विभक्ती सहा, आणि सातव्या विभक्तीचे थोडेसे अवशेष. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांची बहुतेक कामं तिथे एकटी ॲब्लेटिव्ह ही विभक्ती करते. द्विवचन नाही. ‘अमुक झालं असता’ असं सांगणाऱ्या आपल्या सति सप्तमीसारखी रचना आहे, फक्त ती ॲब्लेटिव्हमध्ये. हे तिला समजावताना मी हरखून जायचे आणि ती म्हणायची, “आई, हे सगळं छान आहे, पण उद्या माझी क्विझ आहे.”

तर मी तयारीत उतरले ती माझ्या अनुभवाच्या जोरावर. आम्ही संस्कृतच्या परीक्षेला काय करत होतो? श्लोक पाठ, भाषांतर पाठ. श्लोकाचं पहिलं पद दिसलं की हात आपोआप लिहायला लागायचा, आणि पैकीच्या पैकी गुण पडायचे. मी लेकीला तेच सांगितलं. भाषांतर पक्कं करून ठेव, मूळ ओळी नजरेखालून घाल, ओळखता आल्या की झालं. तिची स्मरणशक्ती चांगली आहे. दिवाळीपर्यंत पहिल्या सर्गाच्या तीनशे ओळींचं इंग्रजी भाषांतर तिला तोंडपाठ होतं.

डिसेंबरात वर्गात सराव पेपर झाला. भाषांतराला आलेला उतारा तिच्या पूर्ण ओळखीचा होता, आणि तरी गुण निम्म्याहून कमी पडले. पेपर घरी आल्यावर मी बसून एकेक खूण पाहिली. या परीक्षेत उताऱ्याचे लहान लहान तुकडे पाडतात. तुकडा बरोबर किंवा चूक, मधलं काही नाही. एकवचनाचं अनेकवचन झालं, तुकडा गेला. ‘धरून होती’चं ‘धरते’ झालं, गेला. विशेषण भलत्या नामाला चिकटलं, गेला. लेकीनं पाठ केलेलं भाषांतर सुरेख होतं, पण सुरेख होण्यासाठी त्यानं असे शंभर लहान बदल करून घेतले होते. सगळ्यात वाईट म्हणजे उतारा जिथे संपत होता त्याच्या पुढच्या दीड ओळीचंही भाषांतर तिनं लिहिलं होतं. शिक्षकांनी तिथे फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. ती ओळ कागदावर नव्हतीच. म्हणजे कागदाकडे तिनं पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री ती रडली नाही, पण माझ्याशी बोललीही नाही. सल्ला माझा होता. मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला अन्वय लावायला शिकवायला बसले. हे मला आधीच सुचायला हवं होतं, कारण संस्कृतातलं माझं जे काही खरं शिक्षण होतं ते तेच. आधी क्रियापद शोधायचं. मग त्याला प्रश्न विचारायचे: कोण? कोणाला? कशानं? कुठे? कसा? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर प्रत्ययात सापडलं पाहिजे, अंदाजानं नाही. उत्तर सापडलं की शब्दावर पेन्सिलीनं आकडा टाकायचा, १, २, ३. सगळे आकडे पडले की गद्याच्या क्रमानं वाक्य वाचायचं. ‘ईनिड’चं पहिलंच वाक्य सात ओळींचं आहे. त्यातलं मुख्य क्रियापद, ‘मी गातो’, पहिल्या ओळीतच तिसरं पद म्हणून येतं आणि पुढच्या सहा ओळी, कवी ज्याच्याबद्दल गातो, त्या माणसाला लटकलेल्या असतात. आकडे टाकल्याशिवाय त्या वाक्यात माणूस बुडतो.

दुसऱ्या सर्गातली एक ओळ या पद्धतीनं तिला पहिल्यांदा नीट लागली, ती ट्रॉयच्या लाकडी घोड्यासमोरची. ट्रॉयचा पुजारी लाओकून ओरडून सांगतो, ‘तिमेओ दानाओस एत दोना फेरेन्तेस.’ ‘दोना’ म्हणजे दानं, भेटी. ‘फेरेन्तेस’ म्हणजे आणणारे, आपल्या ‘भृ’ धातूच्या घरातलं कृदन्त. आणि ‘एत’? हा शब्द ती ‘आणि’ म्हणून पाच वर्षं वाचत आली होती. ‘मला ग्रीकांची भीती वाटते आणि भेटी आणणारे...’ वाक्य पुढे जाईना. प्रश्न विचारत विचारत ती उत्तराशी आली: इथे ‘एत’ म्हणजे ‘सुद्धा’. भेटी घेऊन आले तरीसुद्धा मला ग्रीकांची भीती वाटते. “म्हणजे तो संस्कृतातला ‘अपि’ आहे!” असं मी म्हणाले, आणि तिनं पानाच्या समासात देवनागरीत ‘अपि’ लिहिलं. तिच्या अक्षरातलं ते ‘अपि’ मला फार आवडतं.

जानेवारी, फेब्रुवारी असे गेले. रोज बारा ओळी, आकडे, प्रश्न, शब्दशः भाषांतर. वर्गातले गुण वाढले. मला वाटलं, जमलं आता.

मग मार्चमध्ये एका संध्याकाळी आमचं भांडण झालं. पहिल्या सर्गात एक जागा आहे. काव्याचा नायक ईनियस आणि त्याचा सोबती कार्थेज नगराच्या वाटेनं चाललेत आणि ईनियसची आई, देवी व्हीनस, त्यांना कोणी पाहू नये म्हणून त्यांच्याभोवती धुकं पांघरते. ओळीत येतं ‘किर्कुम देआ फूदित’. मी सरळ सांगितलं, ‘किर्कुम’ आणि ‘फूदित’ हे एकच क्रियापद आहे, उपसर्ग तुटून लांब गेलाय, वेदात असं होतंच, दोन्ही एकत्र घे, देवीला आकडा १ दे, पुढे चल. ती पुढे जाईना. म्हणाली, “आई, तू ते परत जोडू नको ना. बघ, ‘भोवती’ आणि ‘ओतलं’ यांच्या मध्ये देवी उभी आहे. धुकं त्या शब्दांनीच गुंडाळलंय.”

मी म्हणाले, परीक्षेत भाषांतर विचारतात. ती म्हणाली, निबंधही विचारतात. ते खरंच होतं. दोन भाषांतरांच्या जोडीला निबंध असतात, आणि त्यात नुसतं कथानक सांगून भागत नाही. कवीनं कोणता शब्द कुठे ठेवला आणि त्यानं काय झालं, हे मूळ लॅटिन शब्द उद्धृत करून, उताऱ्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवावं लागतं. अन्वय लावल्यावर नेमकं हेच पुसलं जातं. मी तीन महिने तिच्याकडून शब्द जागचे उचलून घेत होते. परत जागेवर ठेवायचं असतं, हे मी सांगितलंच नव्हतं. मला कॉलेजात हे कुणी सांगितलं होतं का, तेही आठवेना. मी कितीतरी श्लोक अन्वयातच सोडून आले असेन.

तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. अन्वय, भाषांतर, आणि त्यानंतर आकड्यांकडे न पाहता मूळ ओळ मोठ्यानं, छंदात.

छंदाबद्दल लिहायला लागले तर थांबणार नाही, पण थोडं लिहितेच. व्हर्जिलच्या ओळीत सहा गण असतात. त्यातला एक प्रकार गुरु-लघु-लघु. ‘यमाताराजभानसलगा’ ज्यांनी घोकलंय त्यांना सांगायला नको, हा आपला भगण. दुसरा प्रकार दोन गुरु. पहिल्या चार जागी यांतला कुठलाही चालतो, पाचव्या जागी बहुतेक वेळा भगणच, आणि सहाव्या जागी दोन अक्षरं. भगण चार मात्रांचा, दोन गुरुही चार मात्रांचे. म्हणजे चार-चार मात्रांची सहा आवर्तनं, अगदी आपल्या मात्रावृत्तासारखं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरु, हाही नियम जवळजवळ तोच. संधी मात्र वेगळा. शब्दाच्या शेवटी स्वर असेल, किंवा स्वर आणि ‘म’ असेल, आणि पुढचा शब्द स्वरानं सुरू होत असेल, तर आधीचा गिळायचा. ‘मुल्तुम इल्ले एत’ हे तीन शब्द तोंडातून ‘मुल्तिल्लेत’ असे येतात.

तिला हे वर्गात रेघा आणि अर्धचंद्र काढून शिकवलं होतं. परीक्षेत ओळीचे पहिले चार गण ओळखायला सांगतात, त्यापुरतं तिला जमायचं. मी तिला काव्याच्या पहिल्या ओळीवर टेबलावर बोटानं ठेका धरायला लावला. ‘आर्म वि, रुंक्वे क, नो त्रो, याय क्वी, प्रीमुस अ, बोरीस.’ पहिल्या दिवशी ती लाजली. चौथ्या दिवशी कुणी न सांगता अंघोळ करताना म्हणत होती. मी तिच्यासाठी काही ओळी देवनागरीत लिहून काढल्या, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपल्या लिपीत उघड दिसतात. फक्त ऱ्हस्व ‘ए’ आणि ऱ्हस्व ‘ओ’ लिहायची सोय नाही. त्यांच्यावर मी अर्धचंद्र काढायचे.

आणि त्या ‘ओ’वरच मी अडखळले. सहाव्या सर्गात ईनियस पाताळात उतरतो आणि तिथे त्याला डिडो भेटते, त्यानं सोडून दिल्यावर जिनं स्वतःला संपवलं ती कार्थेजची राणी. चौथ्या सर्गात तिच्यासमोर त्याचं भाषण एका अर्ध्या ओळीवर तुटतं: इटलीकडे मी स्वतःच्या इच्छेनं निघालेलो नाही. ओळ पुरी होतच नाही. व्हर्जिल इसवी सनापूर्वी १९ मध्ये वारला तेव्हा काव्यावरचं काम संपलेलं नव्हतं, आणि अशा अर्ध्या ओळी तशाच राहिल्या. ही अर्धीच ठेवायची होती की राहून गेली, यावर लेकीचं मत ठाम आहे: ठेवायचीच होती. पाताळात तो पुन्हा तेच सांगतो, राणी, तुझ्या किनाऱ्यावरून मी नाइलाजानं निघालो. तो रडतो. ती एक शब्दही बोलत नाही. ‘इल्ल सोलो फीक्सोस ओकुलोस आवेर्स तेनेबत.’

कोशात मला ‘सोलो’ जवळ ‘एकटा, एकाकी’ सापडलं आणि मी भरून येऊन म्हणाले, बघ, एकटी. लेक ठेका धरून ओळ म्हणत होती. थांबली. म्हणाली, “नाही बसत. तू म्हणतेस तो ‘सो’ दीर्घ आहे.”

मी पुन्हा मोजलं. इल्-ल-सो. माझ्या संस्कृतच्या सवयीनं ‘ओ’ म्हणजे गुरुच, मग गुरु-लघु-गुरु, म्हणजे रगण. या छंदात रगणाला जागाच नाही. ‘सो’ लघु असेल तरच भगण होतो, आणि ऱ्हस्व ‘ओ’चा ‘सोलो’ हा निराळा शब्द आहे, त्याचा अर्थ जमिनीवर. शिवाय ‘एकटी’ म्हणायचं तर स्त्रीलिंगी प्रथमा हवी होती, ती इथे नाहीच. प्रत्यय आणि मात्रा दोघेही सांगत होते, मीच ऐकत नव्हते. ती, जमिनीवर, खिळलेले, डोळे, तोंड फिरवलेली, धरून होती.

मग आम्ही आकडे न टाकता त्या सहा शब्दांकडे बराच वेळ पाहत बसलो. ‘ती’ अगदी पहिली. जमीन लगेच तिच्या शेजारी. डोळे मधोमध, आणि ‘तोंड फिरवलेली’ हा शब्द त्या डोळ्यांना पाठ करून पलीकडे. क्रियापद अपूर्ण भूतकाळाचं, म्हणजे ती तशीच राहिली, तो बोलत असेपर्यंत आणि त्यानंतरही. लेक म्हणाली, “इंग्रजीत हे सगळं लिहिता येईल. पण याच क्रमानं नाही.” मराठीत येतं का, म्हणून मी प्रयत्न केला: ‘ती जमिनीवर खिळलेले डोळे, पाठमोरी, धरून होती.’ आपल्या भाषेला हे थोडं तरी पेलतं. तिनं ते वहीत रोमन लिपीत उतरवून घेतलं.

आता त्या कार्डाबद्दल. ‘कोन्देरे’ पहिल्याच वाक्यात येतं: ईनियस इतके हाल सोसतो ते नगर वसवेपर्यंत. काव्याच्या अगदी शेवटी, शरण आलेल्या शत्रूच्या, टर्नसच्या, अंगावर त्यानं मारलेल्या पॅलसचा, ईनियसच्या तरुण मित्राचा, पट्टा दिसतो आणि ईनियस तलवार टर्नसच्या छातीत खुपसतो. तिथेही क्रियापद तेच. लेकीनं दोन्ही ओळी कार्डावर लिहिल्या होत्या, पण इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं घ्यावी लागत होती आणि तिला ते सहन होत नव्हतं. दुपारभर आम्ही शब्द शोधले. मला मराठीत एक सापडला, ‘रोवणं’. पाया रोवतात, सुराही रोवतात. मी म्हणाले तेव्हा ती खुर्चीवरून उठलीच. लपवण्याचा अर्थ यात येत नाही, पण वसवणं आणि खुपसणं दोन्ही येतात. परीक्षेत याचा काही उपयोग नव्हता. तिथे ‘रोवणं’ लिहून गुण मिळत नाहीत.

एप्रिलमध्ये बाकीची तयारी उरकली. अलंकारांची लांबलचक यादी, त्यातले अनुप्रास, उपमा आणि चेतनगुणोक्ती मला ओळखीचे, बाकी तिनंच केले. न वाचलेले उतारे घड्याळ लावून. इंग्रजीतून वाचायच्या सर्गांची उजळणी. बहुपर्यायी ५० प्रश्न एका तासात संपवायचा सराव. यात सांगण्यासारखं फार नाही. करायचं असतं, केलं.

परीक्षेच्या दिवशी मी गाडी घेऊन शाळेबाहेर थांबले. तीन तासांचा पेपर. ती आली, बसली, पट्टा लावला. प्रश्नांबद्दल लगेच बोलायचं नाही, असा नियम आहे आणि ती नियम पाळणारी मुलगी आहे, म्हणून मी काही विचारलं नाही. घरापर्यंत ती गप्प होती. फक्त उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरून होती, आणि मी सिग्नलला थांबले तेव्हा मोजलं तर सहा.

निकाल जुलैत येईल. पुस्तक शाळेचं आहे, जूनमध्ये परत करायचंय, तेही कोरं करून. म्हणून काल रात्री ती टेबलावर खोडरबर घेऊन बसली होती. पानापानावर माझे आणि तिचे पेन्सिलीचे आकडे, १, २, ३, आडवे, तिरपे, कुठे कुठे एकावर एक. ती एकेक ओळ पुसत होती आणि पुसून झाली की मोठ्यानं म्हणत होती. मी ओट्याशी भांडी पुसत ऐकत होते. सहाव्या सर्गाशी आली तेव्हा ‘सो’ तिनं बरोबर ऱ्हस्व म्हटला, फुंकर मारून रबराचा चुरा उडवला आणि पान उलटलं.